सावंतवाडीचा राजवाडा आणि आपण

चतुर्थी जवळ आली की पेडण्यातली माणसे पत्रादेवीवरून आणि डिचोलीतली दोडामार्गावरून सावंतवाडीला बाजाराला जातात. लाकडी फळे, खेळणी घेतात आणि मोती तलावाला वळसा घालून परततात. तळ्यासमोरचा राजवाडा आम्हीही कित्येक वर्षे बसच्या खिडकीतूनच पाहत होतो. आत गेलो ते फार उशिरा. गेल्यावर जाणवले की हे काही परक्याचे घर नव्हे.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल एके काळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यात होते. राजवाडा बांधणारे तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ या काळात गादीवर होते. त्यांच्याच कारकिर्दीत १७८१-८२ मध्ये डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांकडे गेली. पुढे कोल्हापूरकरांशी झुंज चालू असताना पोर्तुगिजांच्या मदतीच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणेही द्यावे लागले. आपण ‘नव्या काबिजादी’तले झालो ते असे.

राजवाडा लालसर जांभ्या दगडाचा, म्हणजे आपल्या घरांना आणि देवळांना लागतो त्याच चिऱ्याचा आहे. दर्शनी बाजूला कमानींच्या ओळी आहेत. आत उंच छताचा दरबार हॉल, वर झुंबरे आणि राजांचे सिंहासन. पण आम्ही जास्त वेळ रेंगाळलो ते सिंहासनापाशी नव्हे. त्याच दालनात बैठ्या मेजांवर वाकून कारागीर गंजिफा रंगवीत होते.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते असतात. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. दिवसा खेळ रामाच्या पानाने सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक पाहणाऱ्या पेडणेकराला हे अवतार ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे ही कला जाणणारे चितारीही मोजकेच उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली, १९७१ च्या सुमारास वाड्यातच काम सुरू केले आणि तरुणांना त्यात बसवले. राज्य राखणे त्यांच्या हाती राहिले नव्हते. हे होते, ते त्यांनी केले.

आपल्या तालुक्यांतही जुने चौसोपी वाडे आहेत, माटोळी बांधणारे आणि मूर्ती घडवणारे हात आहेत. त्यांच्यापाशी बसून शिकणारे किती, याचा विचार यंदाच्या उत्सवात आपण सर्वांनी करावा, अशी विनंती आहे. आणि पुढच्या वेळी सावंतवाडीला गेलात, तर बाजार आटोपून मुलांना घेऊन तासभर राजवाड्यात जरूर जा.