बर्फावरचा स्थिर कॅमेरा

स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्याने हिमक्रीडा चित्रित कराव्यात, ही कल्पना २००८ पर्यंत आम्हांला विनोदी वाटली असती. त्या वर्षी निकॉन डी९० आणि पाठोपाठ कॅनन ५डी मार्क २ आले. तोवर कॅमकॉर्डर हाती धरून चित्रण करणारा स्वतःच उतारावरून घसरत खेळाडूचा पाठलाग करी. कॅमकॉर्डरच्या इवल्या सेन्सरमुळे जवळचे-दूरचे सारेच सारखे स्पष्ट दिसे. ५डीच्या ३६ × २४ मिमी सेन्सरने स्कीपटू ठळक केला आणि मागचे सूचिपर्णी रान धूसर केले.

या देखणेपणाची किंमत होती. डी९० एका दमात पाचच मिनिटे चाले, आणि चित्रण सुरू असताना फोकस हातानेच साधावा लागे. सेन्सर प्रतिमा ओळीओळीने वाचतो; त्यामुळे कॅमेरा झपकन वळवला की झाडे तिरकी होत. (हे कलणे आम्हांला प्रथम मुद्दाम केलेले वाटले होते!) स्वयंचलित मापनाला शुभ्र बर्फ करडा करण्याची खोड, चित्रणातले एक्स्पोजर पूर्णपणे हाताने ठरवण्याची सोय ५डीत २००९ मध्ये आली.

आमच्या मते, या अडचणींनीच चित्रणकाराला पाठलाग सोडून एका जागी उभे राहायला, खेळाडूची वाट पाहायला लावले. छायाचित्रकाराची ही जुनीच सवय. पाठलागातली ती धाप मात्र या नेटक्या चौकटींत आम्ही अजूनही शोधतो.