मडगार्ड काढलेल्या मोटारी

आमच्या इमारतीच्या वाहनतळावर, शेवटच्या खांबापाशी, १९८४ सालची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. ती माझी आहे. धायरी २०१७ साली महापालिकेत गेली तेव्हाही ती तिथेच उभी होती आणि त्याआधी समोर ज्वारीचे रान होते तेव्हाही. रविवारी सकाळी मी तिचे बोनेट उघडतो आणि दहा मिनिटांच्या आत चार-पाच मुले भोवती जमतात. त्यांना सर्वांत अधिक नवल वाटते ते गिअरच्या दांड्याचे. तो जमिनीतून न येता स्टिअरिंगच्या बुंध्यातून बाहेर आलेला असतो, आणि हा दांडा दिव्याचा नव्हे, गिअरचाच, हे त्यांना दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागते.

मागच्या उन्हाळ्यात त्यांपैकी एका दहा वर्षांच्या मुलाने खिशातून एक खेळण्यातली गाडी काढून माझ्या बोनेटवर ठेवली. हॉट व्हील्सची 'बोन शेकर'. लॅरी वूड या चित्रकाराने आखलेले हे खेळणे २००६ साली निघाले. पुढच्या जाळीच्या जागी मानवी कवटी, तिच्या दोन्ही बाजूंना हाडांचे पंजे, पंज्यांत दिवे. इंजिन उघडे, मडगार्ड नाहीत. मुलाने विचारले, "काका, अशी खरी गाडी असते का?" कवटी सोडून बाकी सगळे खरे असते, असे मी म्हणालो. त्याचा पुढचा प्रश्न लगेच आला: "मग आपल्याकडे का नाही?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याने मला बरेच दिवस अस्वस्थ ठेवले.

या जातीच्या गाड्यांना अमेरिकेत 'हॉट रॉड' म्हणतात. मराठी प्रतिशब्द करण्याचा मोह मी आवरला आहे. 'तप्तदंड' म्हटल्यास एखाद्या हठयोग्याची आठवण येईल. 'हॉट रोडस्टर'चा हा संक्षेप असावा, असे एक मत आहे. रोडस्टर म्हणजे वर टप नसलेली, दोन माणसांची हलकी गाडी. गोष्ट सुरू होते ती हेन्री फोर्डच्या मॉडेल टी पासून. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. जी वस्तू दीड कोटी निघते ती कधीतरी भंगारात पडतेच. महामंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या एखाद्या पोराला जुनी फोर्ड अगदी किरकोळ पैशांत मिळू शकत होती, आणि ती विकत घेतल्यावर तो पहिले काम करी ते म्हणजे मडगार्ड उतरवून टाकण्याचे. मग पायरी, मग बोनेट, मग टप. गाडीचे इंजिन वाढवायला पैसे लागतात. वजन कमी करायला फक्त पाना लागतो.

ही मुले गाड्या पळवायला लॉस एंजलिसच्या उत्तरेकडच्या वाळवंटात जात. तेथे कोरडी पडलेली तळी आहेत, मैलोगणती सपाट, पत्र्यासारखी टणक. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या तळ्याचे नाव म्युरॉक. या नावाची कथा मुलांना फार आवडली. तेथे कोरम नावाचे कुटुंब येऊन वसले होते. त्यांना गावाला आपले नाव द्यायचे होते, पण त्या नावासारखे गाव आधीच अस्तित्वात असल्याने ते टपालखात्याला चालेना, म्हणून त्यांनी आपले नाव उलटे लिहिले. (आमच्या पोरांनी लगोलग 'धायरी' उलटे वाचून पाहिले. 'रीयधा'. जमले नाही.)

१९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे व्ही इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवले. तोवर व्ही-८ ही श्रीमंतांची मिरास होती. फोर्डच्या माणसांनी सगळे सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात घेण्याची युक्ती साधली आणि किंमत खाली आली. शक्ती होती ६५ अश्वशक्ती. आजची साधी छोटी मोटारसुद्धा त्याहून अधिक देते. पण त्या इंजिनात वाव फार होता. हेड घासून दाब वाढवा, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर लावा, कॅमशाफ्ट बदला, की ते वेगळेच इंजिन होई. शिवाय ते जुन्या हलक्या गाडीत बसत असे. हॉट रॉडचे शास्त्र यापलीकडे फारसे नाही: जुने अंग, नवे काळीज.

१९३७ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या निरनिराळ्या मोटारवेड्या मंडळांनी एकत्र येऊन आपली संघटना केली, ती मुख्यतः तळ्यावरच्या बेशिस्तीला आळा घालण्यासाठी. मग महायुद्ध आले आणि म्युरॉकचे तळे लष्कराच्या विमानतळात गेले. युद्धाने मुले नेली आणि परत पाठवली ती वेल्डिंग, लेथ, विमानाची इंजिने हे सारे शिकवून. बिल बर्क नावाच्या गड्याने तर लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकणारी, पेट्रोल संपल्यावर टाकून द्यायची थेंबाच्या आकाराची टाकी विकत आणली, तिला चाके लावली, आत इंजिन बसवले आणि वेगाची शर्यत लढवली. युद्धाच्या उरल्यासुरल्या मालाचा इतका निरागस उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

याच काळात हे वेड रस्त्यावर उतरले आणि अपघात होऊ लागले. वर्तमानपत्रांना मडगार्ड नसलेल्या गाडीतला प्रत्येक तरुण गुन्हेगार दिसू लागला. १९४८च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' नावाचे मासिक काढले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ साली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचा कार्यक्रम सरळ होता: पोरांना रस्त्यावरून उचलून मोकळ्या धावपट्टीवर न्यायचे, गाडी आधी तपासायची, मगच पळू द्यायची. पुढे संघटनेची माणसे गाडीत सामान भरून गावोगाव हिंडली आणि शर्यत सुरक्षित कशी भरवायची ते शिकवू लागली. मला या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्यांच्या हाती बंदीचा रस्ता होता, तो सोपाही होता. काही मोठ्यांनी त्याऐवजी तपासणीचा तक्ता आणि शिट्टी हाती घेतली.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे का नाही?

गाड्या नव्हत्या असे नव्हे. फोर्डने १९२६ साली भारतात आपली कंपनी उघडली; जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियरची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९५३ साली सरकारने ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांना येथे जागा नाही, येथेच भाग घडवणाऱ्यांना आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघेही गेले. उरल्या दोन-तीन जातींच्या गाड्या आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षांची नोंदणी. ज्या देशात नव्या गाडीसाठी इतके थांबावे लागते तिथे जुनी गाडी स्वस्त होत नाही. भंगार झाल्याशिवाय पोराच्या हाती गाडी लागत नाही, आणि आपल्याकडे गाडी भंगार होतच नव्हती. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तीही नियमाने ठरवलेली वीस वर्षे पुरी झाली म्हणून. नाहीतर ती अजून धावली असती, याविषयी मला शंका नाही.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. जुन्या गाडीविषयीचे आपले प्रेम संस्थानिकांच्या पागेतून आले आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार बाहेर पडते आणि दसरा चौकात तिला पाहायला लहान मुले बापाच्या खांद्यावर बसतात. तो सोहळा मी पाहिला आहे आणि तो सुंदर आहे. पण त्या मुलाला गाडीकडून जो निरोप मिळतो तो असा की ही वस्तू पाहायची असते. हात लावायची नसते. आपल्या विंटेज मेळाव्यांतही हीच रीत चालते. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ नट-बोल्ट. दोरीच्या पलीकडे मुले.

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडेही गाड्या बदलल्या गेल्याच. बदलल्या गेल्या, आणि काय कल्पकतेने! दिल्लीत युद्धातल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या मागे बाकडी जोडून 'फटफटी' झाली. सौराष्ट्रात बुलेटचे तोंड आणि डिझेल इंजिन यांच्या लग्नातून छकडा जन्मला. पेट्रोल पिणाऱ्या बोजड अमेरिकन गाड्यांत डिझेल इंजिने बसली. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात जीपची वडाप झाली. आतल्या बाकड्यांवर, टपावर आणि मागच्या फळकुटावर मिळून किती माणसे मावतात याला गणिताचे नियम लागू नव्हते. हॉट रॉड आणि आपली वडाप एकच, असे विधान मी ऐकले आहे. मला ते मान्य नाही. दोन्हींमागचा मिस्त्री एकाच तोलाचा असेल, कदाचित आपला काकणभर सरसही. पण हॉट रॉडवाला गाडीतून काढत जातो आणि वडापवाला गाडीत घालत जातो. एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे बेरीज. एकाला वेग हवा असतो, तोही कुठेही न पोहोचण्यासाठी; दुसऱ्याला बाजाराच्या दिवशी तासगावला पोहोचायचे असते. पोटासाठी केलेल्या कारागिरीला कमी लेखावे असे मी म्हणत नाही. एवढेच की ती करणाऱ्याला तिच्याशी खेळायला फुरसत मिळाली नाही.

आणि आता फुरसत आली तर कायदा आला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात २००० साली दुरुस्ती झाली. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच उचलून धरले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले: पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट मात्र ही की चासी, सांगाडा आणि इंजिन मूळचेच असले पाहिजे. म्हणजे १९३२च्या फोर्डला वारसा म्हणून मान मिळेल, पण तिच्यावर एखाद्या पोराने १९४८ साली जे केले त्याला नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी नियम हवेत; मडगार्ड नसलेली गाडी पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावर मागच्या स्कूटरस्वाराचे काय करील ते मी जाणतो. तरीही वारसा म्हणजे कारखान्यातून निघाला तो क्षण, आणि त्यानंतर माणसांनी वस्तूवर जे केले तो बिघाड, ही व्याख्या मला इतिहास म्हणून पटत नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या चासीवर उभारलेली चिलखती गाडी आहे. राजेरजवाड्यांच्या गाडीच्या चासीवर पोलादी पत्रे चढवले. ते लष्कराने केले, म्हणून ते संग्रहालयात आहे.

हे सगळे मी मुलांना अर्थातच असे सांगितले नाही. पण खेळणे आणणाऱ्या त्या मुलाचे वडील नऱ्ह्याला एका शेडमध्ये पत्र्याचे काम करतात, आणि त्याने एके दिवशी मला थेट विचारले की ही फियाट आपण बाबांच्या शेडमध्ये नेली तर तशी करता येईल का. मी नाही म्हणालो. कायद्याचे कारण सांगितले, ते खरे होते. दुसरे कारण सांगितले नाही, तेही खरे होते: माझी गाडी मूळ रंगात आहे, आणि दोरीच्या पलीकडे मुले असावीत असे माझ्याही आत कुठेतरी बसले आहे. पूर्वी मी त्यांना बोनेटला हात लावू देत नसे.

त्यानंतरच्या रविवारी मी कार्ब्युरेटर उतरवला आणि वर्तमानपत्र अंथरून मुलांच्या पुढ्यात ठेवला. पेट्रोलचा वास हातांना लागू नये म्हणून एकाही आईने हाक मारली नाही, हे आश्चर्य. जेटचे भोक केवढे असते ते त्यांनी उजेडात धरून पाहिले. त्या मुलाने तो जवळजवळ एकट्याने परत जोडला. एक वॉशर उरला, म्हणून पुन्हा उघडला. महाविद्यालयांतली मुले 'बाहा' स्पर्धेसाठी स्वतः गाडी बांधतात आणि पुण्याचे संघ त्यात उतरतात, असे मी त्याला सांगितले. त्यासाठी आधी बारावी व्हावे लागते का, असे त्याने विचारले. हो म्हणालो. त्याने मनात वर्षे मोजली आणि चेहरा पाडला.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. संध्याकाळी तो सायकलवरून भिजत आला तेव्हा खालच्या रखवालदाराने त्याला थांबवून हसायला सुरुवात केली. पांढऱ्या शर्टावर, कमरेपासून मानेपर्यंत, चिखलाची एक सरळ रेघ उठली होती. सायकलची दोन्ही मडगार्डे त्याने आदल्या दिवशीच उतरवली होती. दहाचा पाना माझाच होता.