पूर्वप्रतीचा इतिहास : केंब्रिजमधील एक प्रसंग (१९६४)

नियतकालिकात प्रसिद्ध होण्यापूर्वीच संशोधन इतरांस वाचावयास देण्याची प्रथा ही १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी सुरू केलेल्या 'अर्काइव्ह'हून बरीच जुनी आहे. पुढे पुण्यात 'आयुका'चे संस्थापक-संचालक झालेले डॉ. जयंत नारळीकर १९६४ मध्ये केंब्रिज येथे फ्रेड हॉईल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त सिद्ध करीत होते. शेजारच्या खोलीतील संशोधक विद्यार्थी स्टीफन हॉकिंग यांस ही गणिते प्रसिद्धीपूर्वीच पाहावयास मिळाली. जूनमध्ये रॉयल सोसायटीत हॉईल यांनी सिद्धान्त मांडताच हॉकिंग यांनी आक्षेप घेतला : प्रसरणशील विश्वात यातील एक राशी अनंत होते. हॉईल संतापले. हा संताप समजण्याजोगा असला, तरी आपला सिद्धान्त छापून येण्यापूर्वीच त्यांनी स्वतः जाहीर केला होता, हे विसरून चालणार नाही. कच्चे गणित दाखविण्यातील धोका हाच, आणि लाभही हाच. केवळ छापील लेखांची गणना करणाऱ्या आपल्या पदोन्नतीच्या तक्त्यांत मात्र त्यास रकाना नाही. हॉईल-नारळीकर यांचा लेख त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये प्रसिद्ध झाला. हॉकिंग यांचा आक्षेपही १९६५ मध्ये तेथेच छापला गेला.