वर्गातील ‘मृच्छकटिक’ आणि संस्कृत छाया

संस्कृत नाटकांत राजा, अमात्य व विद्वान ब्राह्मण सामान्यतः संस्कृत बोलतात. स्त्रिया व सेवक यांच्या मुखी प्राकृत असते. (विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो, हा अपवाद मोठा मौजेचा.) मुद्रित आवृत्त्यांत प्राकृत संवादांना संस्कृत छाया जोडण्याचा प्रघात पडला आणि वर्गात सोईसाठी ती छायाच वाचली जाऊ लागली की स्त्रीपुरुषांतील व उच्चनीचांतील हे अंतर पुसले जाते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त ही हानी विशेष होते. तिसऱ्या अंकात मैत्रेय संस्कृत पढणाऱ्या स्त्रीची थट्टा करतो आणि तिला नुकतीच वेसण घातलेल्या गाईची उपमा देतो. चौथ्या अंकात त्याच मैत्रेयापाशी चारुदत्ताची विचारपूस करताना गणिका वसंतसेना संस्कृताचा आश्रय करते. छायेवरून शिकणाऱ्यास तेथील रंगसूचना निरर्थकच वाटणार. त्याच्या लेखी ती प्रथमपासून संस्कृतच बोलत आलेली असते. दहाव्या अंकात चारुदत्तास वधस्थानाकडे नेणारे चांडाळ, आपण त्या कुळात जन्मलो तरी खरे चांडाळ सज्जनास छळणारेच होत, असे आपल्या प्राकृतात सुनावतात. छायेत त्यांची वाणी नवव्या अंकातील न्यायाधीशाच्या वाणीहून निराळी उरत नाही.