हिला दारू कुठं हाय?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकाने मागे टाकली की पाळणे आणि फुगे फोडण्याचे ठेले लागतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका ठेल्यासमोर उभा होतो. पाटीवर ‘रायफल शूटिंग’ असे लिहिले होते. ठेलेवाला ‘बंदूक धरा’ म्हणून पोरांना बोलावत होता आणि आत छर्रा भरत होता. शेजारचे एक वयस्कर शेतकरी हसून म्हणाले, “ही कसली बंदूक? हिला दारू कुठं हाय?”

त्यांच्या वडिलांकडे भातात शिरणारी डुकरे हाकायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे घालून गजाने ठासायचे. दारू नाही ती बंदूक नव्हे, हा त्यांचा हिशेब मला तेव्हा पटला. घरी येऊन कोश चाळले, तेव्हा मात्र शब्दाचा इतिहास उलटाच निघाला.

अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे कठीण कवचाचे एक लहान गोल फळ, हेझलनट. त्याच्याएवढ्या मातीच्या गोळीलाही तेच नाव पडले. अशा गोळ्या खास धनुष्याने पाखरांवर मारत. आपल्या गुराख्यांच्या गलोलीचाच तो भाऊबंद. पुढे नळीतून शिशाची गोळी सुटू लागली तेव्हा नाव तिला मिळाले, आणि गोळीवरून हत्याराला. म्हणजे पहिल्या ‘बुंदुक’ला दारू नव्हतीच. ‘तोफे’चेही तसेच. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे चेंडू, गोळा. दोन्ही ठिकाणी फेकल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव फेकणाऱ्या हत्याराने घेतले.

दारूची गोष्ट आणखी वेगळी. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आपण अजून सांभाळला आहे. चिनी भाषेत तर बंदुकीच्या दारूचे नावच ‘अग्नीचे औषध’ असे आहे. मराठीत हा एकच शब्द औषध, मद्य आणि स्फोटक अशा तिन्ही घरी नांदला. दारूगोळा कोठारात असतो आणि शोभेची दारू दिवाळीत उडते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. संदर्भ ते काम करतो.

संदर्भ सुटला की काय होते, याचा दाखला माझ्याच पदरी आहे. अठराव्या शतकातील लढायांच्या वर्णनांत ‘बाण’ वाचून मी एका व्याख्यानात सरसकट धनुष्यबाणांचे चित्र उभे केले होते. त्या काळचा ‘बाण’ पुष्कळदा दारूचा असे: दारू भरलेली नळी, तिला बांधलेली लांब काठी, मागे पेटती वात. हैदर आणि टिपूच्या फौजेत ही नळी लोखंडी होती. त्या बाणांचा अनुभव घेतल्यावरच इंग्लंडमध्ये काँग्रीव्हने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपले रॉकेट तयार केले. माझे व्याख्यान ऐकलेल्या मुलांना ही दुरुस्ती सांगायची राहून गेली, ती येथे करतो.

आजच्या बातम्यांतही अशी सरमिसळ दिसते. काडतूस हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्यात कवच, दारू आणि टोकाची गोळी असे सगळे येते. अंगात शिरते ती फक्त गोळी. बोट ओढते तो चाप, आपटतो तो घोडा. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात; ठासणीच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. हा फरक केवळ कारागिरीचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पाड्यावरच्या शेतकऱ्याकडील तिला बातमीत ‘रायफल’ म्हटले, की वाचणाऱ्याच्या मनात तो शेतकरी राहत नाही.

तोंडी इतिहास गोळा करतानाही हेच पथ्य पाळावे लागते. याच तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या दिवसांबद्दल बोलताना गावातले कोणी ‘बंदूक’ म्हणाले, तर तेवढ्यावरून शस्त्राचा प्रकार ठरवू नये. गावाच्या बोलीत आवाज करणारे प्रत्येक लांब हत्यार बंदूकच असते. सांगणारा चुकलेला नसतो, घाई आपण करतो.

त्या शेतकऱ्यांची पुन्हा भेट झाली नाही. झाली असती, तर त्यांना बुंदुकची गोष्ट सांगितली असती, पण त्यांचे वाक्य खोडले नसते. फळापासून निघालेला शब्द अरबस्तानातून म्हशापर्यंत येताना दारू घेऊनच आला होता, आणि त्यांच्या वडिलांनी तो तसाच वापरला. यंदा अंगणात पोरे ‘रॉकेट’ लावतील तेव्हा ओट्यावरचे एखादे म्हातारे माणूस ‘बाण सोडला’ म्हणेल. त्याला थांबवून दुरुस्त करू नये.