मौनाचा पुरावा : आभासी स्थानिक जाळ्यातील दोषशोधनाचा इतिहास

एकाच आभासी स्थानिक जाळ्यातील दोन संगणकांचा संपर्क तुटला असता दोष कोठे आहे हे ठरविण्याची जी पद्धत आज रूढ आहे, ती कोणा एका व्यक्तीने आखून दिलेली नाही. सुमारे तीस वर्षांत एकावर एक चढत गेलेल्या थरांतून ती घडली. प्रत्येक थराने 'शेजारी' या शब्दाचा अर्थ बदलला आणि त्याबरोबर शेजाऱ्याच्या मौनाचा अर्थही बदलला. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. तीत सर्व यंत्रे एकाच केबलला जोडलेली असत. एकाने सोडलेला संदेश सर्वांपर्यंत जाई आणि ज्याचा त्याने तो उचलावयाचा असे. शेजारी म्हणजे त्याच तारेवरचा; तेव्हा संपर्क तुटल्यास प्रथम तार व तिचे सांधे तपासणे स्वाभाविकच होते.

पुढे इंटरनेटचा ३२ बिटांचा पत्ता आणि इथरनेटचा ४८ बिटांचा पत्ता यांची सांगड घालणे आवश्यक झाले. नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी त्यासाठी 'एआरपी' हा संकेत मांडला. "अमुक पत्ता कोणाचा?" असा प्रश्न यंत्र सर्वांस विचारते व धारक तेवढा उत्तर देतो. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी 'पिंग' ही आज्ञावली लिहिली. सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव मिळाले. येथे क्रम ध्यानात घेतला पाहिजे. शेजाऱ्याकडे पिंग जाण्यापूर्वी एआरपीचे उत्तर यावे लागते. सबनेट मास्क चुकीचा असल्यास मात्र यंत्र शेजाऱ्यासच परका मानते, आणि त्याच्याविषयीचा प्रश्न मुळी विचारलाच जात नाही.

१९९८ साली आयईईई या संस्थेने ८०२.१ क्यू हे मानक प्रसिद्ध केले. संदेशास ४ बाइटांची खूण जोडावयाची व तीतील १२ बिटांत जाळ्याचा क्रमांक लिहावयाचा, अशी ही योजना होय. ४०९६ क्रमांकांपैकी ० व ४०९५ राखीव असल्याने ४०९४ उपयोगी ठरतात. आता एकाच स्विचला जोडलेली दोन यंत्रे परस्परांस परकी असू शकतात आणि निरनिराळ्या मजल्यांवरील यंत्रे शेजारी होतात. दोन स्विचांमधील दुव्यावर तो क्रमांक मान्य केलेला नसेल, तर तार निर्दोष असूनही एआरपीचा प्रश्न पलीकडे पोहोचत नाही.

२००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारित संचात संरक्षक भिंत आपोआप चालू राहू लागली. तेव्हापासून पिंगला उत्तर न मिळणे हा यंत्र बंद असल्याचा पुरावा राहिला नाही. एआरपीचे उत्तर आले व पिंगचे आले नाही, तर तार आणि आभासी जाळे सामान्यतः ठीक असून दोष वरच्या थरात शोधावा. एआरपीचेही उत्तर न आल्यास खाली उतरावे.

कागदपत्रांत उल्लेख नाही म्हणून घटना घडलीच नाही, असा निष्कर्ष इतिहासाचा अभ्यासक काढीत नाही. उल्लेख कोणी करावयाचा होता आणि तो आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने यावयाचा होता, हे तो आधी पाहतो. जाळ्यातील मौनाचेही असेच आहे. प्रश्न विचारला गेला काय, तो पोहोचला काय आणि उत्तर देण्यास मुभा होती काय, या तीन गोष्टींचा निर्णय झाल्यावाचून त्या मौनाचा अर्थ लावता येत नाही.