नाव नसलेली ओढ

देगलूरला माझ्याकडे लोक येतात ते बहुधा जुने मोडी कागद वाचून घ्यायला. दोन वर्षांपूर्वी एक तरुण मात्र रिकाम्या हाताने आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, तुम्ही जुने शब्द धुंडाळता म्हणून विचारतो." जिच्याशी त्याला लग्न करायचे होते ती मुलगी म्हणून वाढलेली, स्वतःला मुलगीच मानणारी. पाळी आली नाही म्हणून तपासण्या झाल्या आणि अहवालात गुणसूत्रे पुरुषाची निघाली. तिने ते त्याच्यापासून लपवले नाही. "मला तीच आवडते. मग मी समलिंगी झालो का?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

'समलिंगी' हा आजच्या अर्थाचा शब्द आपल्याकडे भाषांतरातून आला. त्याचा मूळ युरोपीय शब्द कर्टबेनी या हंगेरियन लेखकाने १८६९ साली जर्मन पत्रकांत छापला. माणसांचे दोनच कप्पे आहेत आणि प्रत्येकाचा कप्पा आधीच ठरलेला आहे, हे त्या शब्दाने गृहीत धरले. दोन कप्प्यांत न मावणाऱ्या शरीरांसाठीचा आधुनिक वैद्यकीय शब्द पुढे विसाव्या शतकात गोल्डश्मिट या जीवशास्त्रज्ञाने रूढ केला, तोही पतंगांच्या अभ्यासातून. एक शब्द ओढीचा, दुसरा देहाचा. मराठीत मात्र दोन्हींची सरमिसळ झाली. शाळेच्या पुस्तकातले गांडूळ 'उभयलिंगी', मिश्र लिंगलक्षणे घेऊन जन्मलेले मूलही 'उभयलिंगी' आणि स्त्री-पुरुष दोघांकडे ओढला जाणारा माणूसही 'उभयलिंगी'! त्या तरुणाचा गोंधळ त्याच्या एकट्याचा नव्हता, भाषेचाही होता.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवली होती असे नाही. लिंग कशावरून ओळखावे याची चर्चा पतंजलीच्या महाभाष्यात आहे. स्तन-केशांची स्त्री, अंगभर लोम असलेला पुरुष आणि या दोहोंच्या मधले ते नपुंसक, ही लोकांतली व्याख्या तो मांडतो आणि व्याकरणासाठी ती अपुरी ठरवतो, कारण खाटेला स्तन नसूनही संस्कृतात ती स्त्रीलिंगीच असते. जैन पंडित आणखी पुढे गेले. देहाची खूण हा द्रव्यवेद आणि मनातली कामना हा भाववेद, असे त्यांनी वेगळे केले. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम नाही. पुरुषाची कामना धरणारा स्त्रीवेद, स्त्रीची कामना धरणारा पुरुषवेद आणि दोघांची कामना धरणारा नपुंसकवेद. या तिसऱ्याला त्यांनी जळत्या नगराची उपमा दिली.

हा वाद आपल्या परिसरापासून फार दूर झालेला नाही. कंधार हे राष्ट्रकूटांचे नगर, आणि त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळात शाकटायन हा जैन वैयाकरण होऊन गेला. 'स्त्रीला मोक्ष मिळतो' या वचनातली स्त्री म्हणजे देहाने पुरुष पण कामनेने स्त्री, असा अर्थ प्रतिपक्ष लावत असे. शाकटायनाने तो नाकारला. शब्दाचा रूढ अर्थ सोडायचे कारण नाही, स्त्री म्हणजे स्त्रीच, ही त्याची बाजू. माणसाचे नाव देहावरून ठरवायचे की कामनेवरून, हा प्रश्न अकराशे वर्षांपूर्वीही असा खुला होता.

पण वरची यादी पुन्हा पाहा. नपुंसकाला काय हवे ते तिथे आहे. नपुंसकच ज्याला हवासा वाटतो त्याच्यासाठी त्या तिन्हींत घर नाही. वात्स्यायन तृतीया प्रकृतीचे वर्णन करतो, तिच्याकडे येणारे पुरुषही त्याच्या ग्रंथात आहेत, पण त्यांची वेगळी 'प्रकृती' सांगायची गरज त्याला वाटत नाही.

पुढे राज्यसत्ता आली ती देह तपासायला. देगलूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, हैदराबाद संस्थानाने 'हिजड्यां'साठी कायदा केला. वैद्यकीय तपासणीत नपुंसक दिसणारा पुरुष, ही त्यातली व्याख्या. अशांची नोंदवही ठेवायची आणि स्त्रीवेषात चारचौघांत दिसल्यास वॉरंटाशिवाय अटक करायची, अशी तरतूद होती. तेलंगण उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२३ मध्ये.

तरुणाच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा निकाल मला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा वाटला. तुतिकोरिनच्या एका मंदिरात एका पुरुषाने तृतीयपंथी स्त्रीशी लग्न केले आणि निबंधकाने नोंदणी नाकारली. २२ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने सांगितले की हिंदू विवाह कायद्यातली 'वधू' १९५५ सालच्या अर्थाला बांधलेली नाही. तृतीयपंथी स्त्री, तसेच मिश्र लिंगलक्षणांची पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती, हीही वधूच. अशा तान्ह्या बाळांवर जिवाला धोका नसताना लिंग 'दुरुस्त' करणाऱ्या शस्त्रक्रिया होऊ नयेत, असेही त्याच निकालात आहे. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने तसा आदेश काढला.

तो तरुण नंतर पुन्हा आला तेव्हा मी त्याला एवढेच म्हणालो, "बाबा, प्रयोगशाळेच्या कागदावरून तिचे नाव ठरत नाही, मग तुझे कसे ठरेल? ती स्वतःला बाई म्हणते. तू एका बाईवर जीव लावलेला माणूस आहेस." तिने स्वतःला दोहोंपैकी काहीच मानले नसते तर माझे हे उत्तर लंगडे पडले असते, हे मला कळते. पण तेव्हाही तिच्या देहावरून त्याच्या प्रेमाचा नवा प्रकार पाडणे म्हणजे तिला पुन्हा तपासणीच्या टेबलावर निजवणेच ठरले असते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, हे माझ्या आईला सांगाल का?"

मी चपला घातल्या.